चोवीस गावे कोणाच्या नावे मांडायची?



आपल्या मंडळाच्या सभागृहात राष्ट्रीय उद्यानांचा गौरव करणारा माहितीपट नुकताच दाखवण्यात आला. सभागृह भरले होते, मुले पुढच्या सतरंजीवर बसली होती, आणि पडद्यावर वाघीण पिलांना घेऊन पाण्यावर आली तेव्हा टाळ्याही पडल्या. असे कार्यक्रम व्हायलाच हवेत आणि त्यासाठी कार्यकारिणीचे अभिनंदनही करायला हवे. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती नंतरच्या प्रसंगाबद्दल. कार्यक्रम संपल्यावर आम्ही काही सभासदांनी एवढेच सुचवले की, पुढच्या वेळी असा माहितीपट दाखवाल तेव्हा कुनोच्या जंगलातून उठवलेल्या गावांतील एखाद्या माणसाला बोलवा आणि त्याला अर्धा तास बोलू द्या. लगेच उत्तर आले, ‘मंडळात राजकारण नको.’ चहाचे कप गोळा झाले आणि विषय तिथेच संपला.

आमच्या मते तो विषय संपलेला नाही. म्हणूनच हा लेखप्रपंच.

प्रथम पडद्यावर काय होते ते पाहू. कान्हा होते, पन्ना होते, आपले शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान होते आणि शेवटी कुनो. चितळ, सांबर, बारशिंगे, मगरी, गिधाडे सर्व काही होते. माणसे मात्र दोनच प्रकारची होती, जिप्सीतला पर्यटक आणि गणवेशातला वनरक्षक. पाहणाऱ्याला वाटावे की ही जंगले सृष्टीच्या आरंभापासून अशीच निर्मनुष्य होती आणि सरकारने फक्त कुंपण घालून पाटी लावली. कुनोतील गावांचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला. ज्या एका वाक्यात चोवीस गावे गुंडाळली जातात, ते वाक्य उलगडून पाहणे हे आपल्यासारख्या सुशिक्षित समाजाचे काम नाही काय?

तर उलगडू या.

श्योपुर जिल्ह्यातील पालपूर-कुनो अभयारण्य १९८१ मध्ये जाहीर झाले. नव्वदच्या दशकात असे ठरले की, आशियाई सिंह फक्त गीरच्या परिसरात उरला आहे, एखादी साथ आली तर सगळी जातच संपेल, म्हणून त्याच्यासाठी दुसरे घर हवे. विचार अगदी योग्य होता. २०१८ मध्ये गीरमध्ये रोगाची साथ येऊन वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्या विचाराचे महत्त्व सर्वांनाच पटले. दुसरे घर म्हणून कुनोची निवड झाली. मग घर रिकामे करणे आले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००३ पर्यंत जंगलातील २४ गावे उठवण्यात आली. दीड हजारांहून अधिक कुटुंबे, आणि त्यांतली बहुसंख्य सहरिया आदिवासींची.

गावे उठली. सिंह आले का? नाहीत. गुजरात सरकारने सिंह देण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने सिंह कुनोला पाठवा, सहा महिन्यांत कारवाई करा, असा स्पष्ट आदेश दिला. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत! गुजरातेत २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, पण त्यांतला एकही कुनोत पोचलेला नाही. ज्या पाहुण्यासाठी यजमानालाच घराबाहेर काढले, तो पाहुणा आलाच नाही.

नंतर त्याच रिकाम्या घरात दुसरा पाहुणा आला. २०१८ मध्ये कुनो राष्ट्रीय उद्यान झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते तिथे सोडले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्यांतले काही दगावले, काहींना इथे पिलेही झाली. प्रत्येक चित्त्याला नाव आहे, गळ्यात पट्टा आहे, त्याने आज काय खाल्ले याची नोंद आहे. एखादा चित्ता हद्दीबाहेर गेला की वर्तमानपत्रात बातमी येते. हे सर्व असू द्या. पण उठवलेल्या दीड हजार कुटुंबांतले आज कोण कुठे आहे, काय खाते, कोणाच्या शेतावर किंवा कोणत्या शहरात मजुरीला गेले, याची रोजची सोडा, वर्षाची नोंद तरी कोणी वाचून दाखवली आहे काय?

आम्ही बँकेत कारकून आहोत, वाणिज्य शाखा शिकलो आहोत. आम्हाला जंगलशास्त्र येत नाही, पण ताळेबंद वाचता येतो. कुनोच्या पुनर्वसनात एका कुटुंबाला सुमारे दोन हेक्टर जमीन आणि एकूण एक लाख रुपयांचे पॅकेज, असा हिशेब होता. कागदावर तो नीट दिसतो. पण जंगलात असताना त्या कुटुंबाचा संसार तीन पायांवर उभा होता. थोडी शेती, गुरे आणि वनोपज. सालईचा डिंक, मोहाची फुले, तेंदूपत्ता, कंदमुळे, औषधी पाला. शेती बुडाली तर डिंक होता, डिंक कमी मिळाला तर गुरे होती. बाहेर आल्यावर वनोपज गेले, चराई आटली आणि एकट्या शेतीवर सगळा भार आला. मजुरीसाठी बाहेर पडणे वाढले, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ज्या ठेवीवर दर हंगामाला व्याज येत होते, ती ठेव मुदतीआधी मोडली आणि ठेवीदाराच्या हातात मुद्दलाचा एक तुकडा देऊन खाते बंद केले. सही म्हणून अंगठा घेतला.

आणि आपल्याकडे समजूत अशी की, खात्यात रक्कम जमा झाली म्हणजे माणूस सुखी झाला! काउंटरच्या या बाजूला आयुष्य घालवलेल्या कोणालाही विचारा. एकरकमी आलेला पैसा आणि दर महिन्याला येणारा पैसा यांत काय फरक असतो, ते निवृत्त झालेले आपले सभासदच अधिक चांगले सांगतील.

आता कोणी म्हणेल, ‘म्हणजे तुम्हाला राष्ट्रीय उद्यानेच नकोत!’ हा आरोप सोपा आहे आणि खोटाही आहे. ताळेबंदाला जमेची बाजू असते, ती आम्ही लपवत नाही. कान्हातील बारशिंगा १९७० मध्ये अवघा ६६ वर आला होता. उद्यान नसते तर तो आज फक्त चित्रात उरला असता. पन्नात २००९ मध्ये वाघ शून्य झाले होते. बाहेरून वाघ-वाघिणी आणून तिथे पुन्हा वंश उभा केला गेला आणि आज तिथे वाघ नांदतो. मुलांनी हे पाहिले पाहिजे, त्यांना या देशाचा अभिमान वाटला पाहिजे. पण पन्नातले वाघ संपले कशाने? गावकऱ्यांच्या मोळीने नव्हे, चोरट्या शिकारीने. मोळी वाहणारी बाई आणि कातड्याचा व्यापारी यांना एकाच पिंजऱ्यात उभे करणे हा कुठला न्याय?

जमेची बाजू मोठ्याने वाचायची आणि नावेची बाजू पानाखाली दाबायची, याला आमच्या खात्यात वेगळा शब्द आहे. तिथे त्यावर चौकशी बसते. सभागृहात त्याला ‘गौरव’ म्हणतात, एवढाच फरक.

शिवपुरीचेच घ्या. ते उद्यान आपल्याला विशेष जवळचे, कारण त्याला माधव महाराजांचे नाव आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या दरबारात चाकरी केली. ते जंगल मुळात शिंदे सरकारचे शिकारीचे रान होते. लॉर्ड हार्डिंग यांनी १९१६ मध्ये तिथे एका दिवसात आठ वाघ मारल्याचे आजही पर्यटकांना कौतुकाने सांगितले जाते. पुढे त्या जंगलातून वाघ नाहीसाच झाला. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडावे लागले, आणि मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. म्हणजे वाघ घालवणारे कोण होते, हे इतिहासाला ठाऊक आहे. बंदूक मचाणावर होती. खाली रान झोडपत, डबे वाजवत वाघाच्या अंगावर चालत जाणारे हाकारे मात्र जवळपासच्या गावांतले होते. मचाणावरच्यांची नावे पुस्तकात आली, हाकाऱ्यांची कुठेच नाहीत. आज त्याच हाकाऱ्यांच्या नातवंडांना आपण सांगतो की तुमच्यामुळे जंगलाला धोका आहे!

आणखी एक गोष्ट आपल्या जुन्या मंडळींनी ऐकलेली असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपुर भागात सोडले होते. ते सिंह गावांत शिरले, गुरे मारली, माणसे मारली आणि शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला. ही गोष्ट आपण गमतीने सांगतो. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्याकडे ती गमतीने सांगितली जात असेल काय? सरकार संस्थानचे असो वा लोकशाहीचे, प्रयोगाचा मान वरच्याला आणि प्रयोगाची किंमत खालच्याला, हा रिवाज काही बदललेला दिसत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण आपल्याच भाषेतली आहे.

आणि किंमत मोजूनही प्राणी वाचतोच असे नाही. शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथे माळढोकासाठी १९८१ मध्ये अभयारण्य केले. त्यात बत्तीस गावांच्या जमिनी अडकल्या. खरेदी-विक्रीवर बंधने आली. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला स्वतःचे शेत विकता येईना. नव्वदच्या दशकानंतर माळढोक तिथे दिसेनासा झाला, पण बंधने तशीच राहिली. २०२२ मध्ये ते अभयारण्य रद्द झाले. पक्षीही गेला आणि शेतकऱ्याची दोन पिढ्यांची पतही गेली. जमीन गहाण ठेवता येत नाही म्हणजे काय, हे कर्जाचा अर्ज हाती घेऊन बसलेल्या कारकुनाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता ‘राजकारण नको’ या मुद्द्याकडे वळू. सरकारने काय साधले हे पडद्यावर दाखवणे हे राजकारण नाही, आणि त्यासाठी कोणाचे घर गेले हे विचारणे मात्र राजकारण, ही वाटणी कोणी केली? टाळी वाजवणे हेही एक मतदानच असते. निम्मी गोष्ट दाखवून टाळी घेणारा कार्यक्रम राजकारणापासून दूर नसतो, तो फक्त एका बाजूला बसलेला असतो.

दुसरा आक्षेप असा आला की, ‘मुलांचा कार्यक्रम होता, त्यांना कशाला दुःखाच्या गोष्टी?’ आमची मुले वाघाने सांबराची मान धरलेली टक लावून पाहत होती, त्याचे कोणाला काही वाटले नाही. मग एका गावाची शाळा, विहीर आणि देवाचा ओटा मागे सुटल्याची हकीकत ऐकली तर ती कोमेजतील काय? उलट त्यांना कळेल की जंगल म्हणजे नुसते प्राणिसंग्रहालय नव्हे. महाराष्ट्रातले ताडोबा आपण सर्व जाणतो. ते नाव आले गोंडांच्या तारू देवावरून. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख म्हणून त्याची कथा सांगतात आणि तळ्याच्या काठी त्याचे ठाणे आहे. उद्यानाला माणसाचे नाव चालते, माणूस चालत नाही!

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलले नाही, पण तो मनात आहे हे आम्ही ओळखतो. ‘ते काय आपले लोक आहेत?’

याचे उत्तर जरा सविस्तर दिले पाहिजे, कारण खरा प्रश्न इथेच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये लष्कर वसवले, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून आपली घराणी या मुलखात आहेत. दोनशे वर्षे झाली तरी आपल्याला विचारले जाते, ‘आप लोग कहाँ के हैं?’ शहराच्या इतिहासात किल्ला येतो, राजवाडा येतो, पण दप्तरे सांभाळणारे, शाळा काढणारे, गाणे जपणारे आपले पूर्वज एका ओळीत आटोपतात. यावर आपण याच पत्रकात किती वेळा चिडून लिहिले आहे! राज्यघटनेच्या ३५० अ कलमाप्रमाणे मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय हवी, म्हणून आपण किती निवेदने दिली! आपली मागणी काय होती? आम्हाला मोजा. आम्ही इथे होतो आणि आहोत, हे नोंदवा.

मग ज्या सहरियांचे या भूमीशी नाते आपल्याहून कितीतरी जुने आहे, त्यांना एका वाक्यात उरकलेले आपल्याच सभागृहात आपल्याला चालते कसे? जे आपल्या बाबतीत झाले की अन्याय, ते दुसऱ्याच्या बाबतीत झाले की गौरव? असा दुटप्पीपणा करणाऱ्या समाजाच्या निवेदनाला उद्या कोणी किंमत देणार नाही आणि देऊही नये.

तात्या टोप्यांची पुण्यतिथी आपण दरवर्षी पाळतो. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत त्यांना फाशी दिले गेले. त्याआधी ते पाडोणच्या जंगलात आसऱ्याला होते, आणि त्यांना दगा दिला तो एका राजाने. जंगलाने दगा दिला नाही. हार घालताना एवढे आठवले तरी पुरे.

नुसते बोलून थांबण्याची आमची इच्छा नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवणार आहोत.

पहिली : मंडळाच्या सभागृहात उद्याने, धरणे, कारखाने, कशाचाही गौरवपट दाखवला जाईल तेव्हा त्या जागेवरून उठलेल्या माणसाला बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा. त्याला जाण्या-येण्याचा खर्च आणि त्या दिवसाची मजुरी मंडळाने द्यावी. तो भाषणपटू नसेल. त्याचे बोलणे आपल्याला तोडके वाटेल. तरी ऐकावे.

दुसरी : माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. कुनोतून उठवलेल्या २४ गावांच्या पुनर्वसनाची आजची स्थिती, म्हणजे जमिनीचे मालकी कागद, पाणी, शाळा, रेशन, याबद्दल मंडळाच्या सभासदांनी अर्ज करावेत. आपल्यात निवृत्त मामलेदार आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत आणि आमच्यासारखे कारकून तर पैशाला पासरी आहेत. नेमका अर्ज लिहिणे, उत्तर आले नाही तर अपील करणे, जावक क्रमांक जपून ठेवणे ही आपली पिढीजात विद्या. लोक आपल्याला कारकुनांची जात म्हणून हिणवतात. ती कारकुनी एकदा दुसऱ्याच्या कामी येऊ द्या.

तिसरी : मिळालेली उत्तरे याच पत्रकात जशीच्या तशी छापावीत. चांगली असतील तर चांगली म्हणून छापू. सरकारने काही नीट केले असेल तर ते सांगायला आम्हाला लाज वाटणार नाही.

वनाधिकार कायदा २००६ मध्ये आला. वन्यजीवांसाठी माणसे हलवायची तर ग्रामसभेची मोकळी आणि समजून दिलेली संमती हवी, असे त्यात लिहिले आहे. पण तोवर ही २४ गावे उठून गेलेली होती. त्यांना तो कायदा उशिरा भेटला. पुढच्या गावांना तरी तो वेळेवर भेटावा, यासाठी शहरात कोणीतरी जागे असले पाहिजे. माधव उद्यान आता व्याघ्र प्रकल्प झाले आहे. त्याच्या अवतीभोवतीही गावे आहेत, आणि ती आपल्या शहरापासून मोटारीने दोन-तीन तासांवर आहेत.

कुनोची चोवीस गावे कोणाच्या तरी नावे मांडलीच पाहिजेत. सरकारच्या वहीत ती ‘स्थलांतरित’ म्हणून बंद झाली आहेत. चित्रपटवाल्याच्या वहीत ती नाहीतच. निदान आपल्या वहीत ती येणे बाकी म्हणून तरी राहू द्या. सर्वसाधारण सभेला आवर्जून या. ठराव मंजूर करा किंवा फेटाळा, पण हात वर करून करा.